यादीतून गाळलेला मेहुणा

"बँकेचं लिही, पतसंस्थेचं लिही, क्रेडिट कार्डाचं लिही. मेहुण्याचं लिहू नकोस."

नादारीचा अर्ज करायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर फुकट मिळतो आणि काही वकिलांच्या खोलीत पैसे मोजून मिळतो. मध्यंतरी बार रूममध्ये माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या एका वकीलमित्रानं तो इतक्या ठामपणे मांडला की त्यांच्या शेजारी बसलेले दोन ज्युनिअर वहीत टिपून घेऊ लागले. मी तेव्हा गप्प बसलो. वयाचा मान, दुसरं काय. पण त्या दोन वह्या काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्यांची बाजू मी आधी नीट सांगतो, कारण ती वेडगळ नाही. त्यांचं म्हणणं असं : धंदा बुडालेल्या माणसाकडे शेवटी उरतं काय, तर चार नातेवाईक. त्यांनी व्याज न घेता, कागद न करता, दिवाळीत घरी आल्यावर पैसे हातावर ठेवलेले असतात. त्यांची नावं कोर्टाच्या कागदात 'धनको' म्हणून लिहायची, त्यांच्या घरी नोटीस पाठवायची, हा कृतघ्नपणा झाला. शिवाय ते कोर्टात थोडेच जाणार आहेत? बँकांच्या कर्जातून एकदा सुटका झाली की त्यांचे पैसे हळूहळू, गुपचूप फेडता येतील. यादी आटोपशीर असली की न्यायाधीशांचंही मत बरं होतं. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या आजीनंच सांगून ठेवलंय.

म्हण मोठी आहे. पण ती मूठ दुसऱ्याच्या पैशाची असेल तर झाकून ठेवायचा हक्क आपला उरतो का, हे आजीला कुणी विचारलं नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई शहरात 1909 चा इलाखा शहरांसाठीचा नादारी कायदा आणि उरलेल्या महाराष्ट्रात 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, हेच दोन जुने कायदे सामान्य माणसाला आजही लागू आहेत. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी एक पूर्ण भाग लिहिलेला आहे. त्यात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत उत्पन्न, 20,000 रुपयांपर्यंत मालमत्ता आणि 35,000 रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या गरिबासाठी 'नव्यानं सुरुवात' करण्याची सोयही आहे. पण तो भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. किराणा दुकानदार, रिक्षावाला, वर्कशॉपवाला, फुगलेल्या क्रेडिट कार्डाखाली दबलेला नोकरदार, हे सगळे अजून ब्रिटिशांच्याच कायद्याखाली आहेत. हा कायदा किती जुना, तर 500 रुपयांचं कर्ज असलेला माणूस त्यात अर्ज करू शकतो, आणि मुक्त न झालेल्या नादारानं आपली स्थिती न सांगता 50 रुपये उसने घेतले तर तो गुन्हा ठरतो. आज 50 रुपयांत धड नाश्ता होत नाही.

पण जुना असला तरी या एका मुद्द्यावर तो अगदी स्वच्छ बोलतो. 1920 च्या कायद्याचं कलम 13 सांगतं की अर्जात ऋणकोवरच्या सर्व पैशांच्या मागण्या, त्यांची रक्कम आणि तपशील, आणि वाजवी काळजी घेऊन कळू शकतील तेवढी सर्व धनकोंची नावं व राहण्याचे पत्ते लिहायचे. 'कागद असलेल्या मागण्या' असं तिथं म्हटलेलं नाही. 'व्याजी कर्ज' असंही नाही. मेहुण्यानं खात्यावर पाठवलेले तीन लाख ही मागणीच आहे, त्यानं आजवर एकदाही मागणी केली नसली तरी.

माझ्या मित्राचा युक्तिवाद जिथं सगळ्यात भावुक आहे, तिथंच तो सगळ्यात पोकळ आहे. मेहुण्याला वाचवतो म्हणून त्याचं नाव गाळलं. पण वाचवलं कुणाला?

आकडे मांडून पाहू. समजा, नादाराची विकता येण्याजोगी मालमत्ता, कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरचा खर्च आणि अग्रक्रमाची देणी वजा जाता, तीन लाखांची आहे. यादीत बँक, पतसंस्था आणि कार्ड मिळून बारा लाखांचं विनातारण देणं आहे. प्रत्येकाच्या वाट्याला रुपयाला चार आणे येतात. आता मेहुण्याचे तीन लाख यादीत घाला. देणं पंधरा लाख झालं, वाटा रुपयाला वीस पैसे, आणि मेहुण्याला साठ हजार मिळतात. नाव गाळलं तर हे साठ हजार जातात कुठं? बँक, पतसंस्था आणि कार्ड कंपनी ते आपापसात वाटून घेतात. कारण कलम 61 प्रमाणे वाटप होतं ते अनुसूचीत दाखल झालेल्या देण्यांना, प्रमाणशीर. पंगतीत ज्याचं पान मांडलं नाही त्याला वाढपी वाढणार कसा? ज्या बँकेच्या नावानं बोटं मोडत आपण कोर्टात आलो, तिलाच मेहुण्याच्या खिशातून साठ हजारांची ओवाळणी घातली, एवढाच त्या मायेचा हिशेब.

यावर मित्र म्हणतात, "अहो, पण त्याचं देणं जिवंत राहतं ना! यादीत नाही म्हणजे कोर्टानं ते पुसलं नाही. पुढं फेडता येईल." हा गैरसमज वकिलांतसुद्धा आहे, म्हणून सावकाश सांगतो. कलम 44 प्रमाणे मुक्तीचा आदेश झाला की कायद्याखाली शाबीत होऊ शकणाऱ्या सर्व देण्यांतून नादार सुटतो. 'शाबीत झालेल्या' किंवा 'यादीत लिहिलेल्या' हे शब्द तिथं नाहीत. अपवाद आहेत ते सरकारी देण्याचे, फसवणुकीनं घेतलेल्या कर्जाचे, बायकामुलांच्या पोटगीचे आणि अशाच मोजक्या बाबींचे. म्हणजे गाळलेला मेहुणा वाट्यालाही मुकतो आणि हक्कालाही मुकू शकतो. लिहिलेला मेहुणा निदान वाट्याचा तरी धनी होतो. मुक्तीपूर्वी त्याला स्वतःहून येऊन आपलं देणं शाबीत करता येतं, हे खरं. पण त्याला कळणार कुठून? नोटिसा यादीतल्या पत्त्यांवर जातात. उरलेल्यांसाठी राजपत्रातली जाहिरात असते, आणि राजपत्र वाचणारा मेहुणा मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणि फेडण्याचं म्हणाल तर यादीत लिहिल्यानं ते कुणी अडवत नाही. मुक्त झाल्यावर आपल्या नव्या कमाईतून कुणी मेहुण्याला दर महिन्याला दोन हजार दिले तर कुठलं कोर्ट त्याचा हात धरणार आहे? नातं जपायचं ते मुक्तीनंतर जपता येतं. त्यासाठी प्रतिज्ञेवर खोटं बोलावं लागत नाही.

खरी गंमत पुढं आहे. काही शहाणे मेहुण्याचं नाव गाळण्यापेक्षा एक पाऊल पुढं जातात : अर्जाच्या आधी पंधरा दिवस त्याचे पैसे फेडूनच टाकतात. मग देणंच उरलं नाही, लिहायचं काय? कलम 54 याच हुशारीसाठी लिहिलेलं आहे. एका धनकोला इतरांवर पसंती देण्याच्या हेतूनं केलेलं प्रदान, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आलेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरच्या विरुद्ध कपटी आणि रद्दबातल धरलं जातं. म्हणजे रिसीव्हर मेहुण्याच्या दारात जातो आणि पैसे परत मागतो. तोवर त्यानं त्या पैशांतून मुलीच्या कॉलेजची फी भरलेली असते. नोटिशीचा अपमान टाळायला निघालो होतो. आता वसुलीचा अपमान घरी आला.

न्यायाधीशांच्या मताचं काय? यादी लहान दाखवली तर मत बरं होतं, या समजुतीला एक तांत्रिक आधार आहे, तो सांगणं भाग आहे. विनातारण देण्यांच्या तुलनेत मालमत्ता रुपयाला आठ आण्यांहून कमी भरली तर कोर्टाला संपूर्ण मुक्ती नाकारावी लागते. अपवाद हा की, ती परिस्थिती आपल्या दोषानं आलेली नाही हे नादारानं पटवून द्यावं. म्हणून देणी कमी दाखवून आठ आण्यांचा उंबरा गाठायचा मोह होतो. पण याच कायद्याचं कलम 69 वाचा. धनकोंना वाटायची रक्कम कमी व्हावी किंवा कुणाला गैर पसंती मिळावी म्हणून कपटानं आपलं येणं किंवा देणं लपवलं, तर एक वर्षापर्यंत कैद. येणं आणि देणं, दोन्ही. यादीच्या दोन्ही बाजू कायद्यानं एकाच वाक्यात बांधल्या आहेत. आठ आण्यांचा उंबरा ओलांडायला आजारपण, महापूर, मोठ्या गिऱ्हाइकानं बुडवलेलं बिल यांचा पुरावा लागतो. लपवलेला मेहुणा उलटतपासणीत सापडला की त्या पुराव्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मित्राच्या बाजूनं एक मुद्दा मी स्वतःच पुढं करतो, कारण त्यांनी तो केला नाही आणि तो खरा अवघड आहे. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेऊ नये, असं प्राप्तिकराचा कायदा सांगतो. नातेवाइकाकडून घेतलेलं रोख कर्ज कोर्टात कबूल केलं तर त्या रकमेइतका दंड बसू शकतो. वाजवी कारण दाखवता आलं तर तो माफही होतो. दवाखान्यात रात्री दोन वाजता लागलेल्या पैशाचं कारण दाखवता येतं. भीती रास्त आहे. पण त्या दंडाला निदान कारण दाखवायची वाट आहे, खोट्या प्रतिज्ञेला तीही नाही.

सावकाराचं प्रकरण थोडं निराळं आहे. परवान्याशिवाय व्याजी पैसे देणारा शेजारच्या गल्लीतला माणूस. त्याचं नाव लिहिलं तर तो घरी येईल, ही भीती. मी म्हणतो, नाव लिहिलं नाही तरी तो येणारच आहे, आणि तेव्हा आपल्या हातात काहीच नसणार. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे, कर्ज देताना वैध परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. म्हणजे त्याचं नाव लिहायचं, रकमेपुढं 'विवादित, विनापरवाना' असा शेरा मारायचा आणि निर्णय कोर्टावर सोडायचा. मुदलाहून जास्त व्याज एका वेळी मागता येत नाही, हा मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी मानलेला दामदुपटीचा नियमही तेव्हाच वापरता येतो, जेव्हा देणं कागदावर आलेलं असतं. शिवाय नादार ठरवल्याच्या आदेशानंतर शाबीत होऊ शकणाऱ्या देण्यासाठी कुठल्याही धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश सर्व देण्यांना लागू करायचा की त्यांतल्या काहींनाच, हे कोर्ट ठरवतं. आणि जे देणं कोर्टाला माहीतच नाही त्यापासून ते संरक्षण कसं देणार?

कागदाची ही धास्ती जुनी आहे. पेशवाईत तकाजा करणारा धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा. अशा तकाज्यातून सुटायचा मार्ग पुढं इंग्रजी अमलात माणसाला कागद जाळण्यात दिसला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात नेमकं तेच झालं, कर्जखतं जाळली गेली, आणि दख्खनच्या दंग्यांची सुरुवात झाली. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं जे केलं ते जास्त धारदार होतं. त्यानं कोर्टाला सांगितलं की खतावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास उकरून काढा. शेतकऱ्याला नादारीचा मार्गही त्याच कायद्यात होता. सुप्यात कागद जाळले, त्या कायद्यानं कागद मांडायला लावले. सावकाराला कशाची जास्त धास्ती वाटली असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आता ज्या धनकोविषयी माझे मित्र एक शब्दही बोलले नाहीत, त्याच्याकडे वळतो. ते बोलले नाहीत कारण त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही बरीच वर्षं आलं नव्हतं.

नादारीच्या प्रत्येक फायलीत एक सोनेतारण कर्ज असतं. पाटल्या, बांगड्या, कधी आईनं दिलेली मोहनमाळ. ते सोनं बायकोचं असतं, कर्ज नवऱ्याचं असतं. हप्ते थकतात, लिलाव होतो आणि वित्तसंस्था आपले पैसे वसूल करून बाजूला होते. फायलीत शेरा पडतो : 'सोनेतारण कर्ज पूर्ण, बाकी शून्य'. पण देणं शून्य झालेलं नसतं, धनको बदललेला असतो. लग्नात माहेरून आलेलं सोनं हे स्त्रीधन आहे, ती तिची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असंही 2024 मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं. कर्ज म्हणूनच सोनं घेतलं असेल तर ती यादीतली एक धनको आहे, बँकेइतकीच. आणि आपण मेहुण्याच्या नावावर काथ्याकूट करत बसतो.

हे मी अशिलांना सांगतो तेव्हा ते हसतात. "साहेब, बायकोचं कर्ज?" असं हसणारा एकही पुरुष मी असा पाहिला नाही की ज्यानं बायकोला विचारून पाटल्या उचलल्या होत्या. मंगळसूत्रासारखा, रूढीप्रमाणे स्त्रीनं अंगावेगळा करायचा नाही असा दागिना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे जप्तीतून सुटतो. कायद्याला निदान एवढं दिसलं. नवऱ्याच्या यादीला तेही दिसत नाही.

जामीनदाराचंही असंच. सहकारी पतसंस्थेच्या कर्जाला मित्रानं सही केलेली असते. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघतो तो त्याच्याही नावानं. मूळ कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही, हे कलम 44 मध्येच लिहिलं आहे. उद्या तो पतसंस्थेचे पैसे भरेल तर ते तुमच्याकडे मागणार. ही आजच असलेली, उद्या पक्की होणारी मागणी आहे. तीही शाबीत होऊ शकते. तरी जामीनदाराचं नाव शेवटच्या रकान्यात 'साक्षीदार' म्हणून टाकलेल्या फायली मी पाहिल्या आहेत.

मित्राचं शेवटचं अस्त्र नेहमीचं आहे : मोठमोठे बुडवे शेकडो कोटींवर पाणी सोडायला लावतात, मग आमच्या अशिलानंच हरिश्चंद्र का व्हायचं? राग मला मान्य आहे. कंपन्यांच्या हमीदारांनी 2016 च्या संहितेला आव्हान दिलं. 2021 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं, तरी वसुलीत बँकांच्या हाती फार थोडं लागतं. पण त्या लोकांचा राग आपल्याला नेमका कशासाठी येतो? त्यांचं कर्ज मोठं म्हणून नव्हे. कागदावर एक आणि घरात दुसरं, म्हणून. पुतण्याच्या नावावर फ्लॅट, बंद कंपनीच्या नावावर गाडी. मेहुण्याचं नाव गाळणं हा तोच धंदा आहे, गाळा तेवढा छोटा. आणि हरिश्चंद्रानं कर्ज लपवलं नव्हतं. त्यानं ते मान्य केलं आणि मग बाजारात उभा राहिला. कायदा तुम्हाला बाजारात उभं राहायला सांगत नाही. तो फक्त पहिली अर्धी गोष्ट मागतो.

मध्ये एकदा अमेरिकेतल्या एका परिचितानं फोन करून असंच विचारलं. मित्राचे पैसे 'चॅप्टर सेव्हन' नादारीच्या यादीतून वगळू का? तिथला नियम आपल्याहून उलटा आहे. वगळलेलं देणं बऱ्याचदा पुसलं जात नाही, ते मानगुटीवर राहतं. वाटायला काही नसलेल्या प्रकरणांत कोर्टागणिक फरक पडतो. नातेवाइकांना अर्जापूर्वी वर्षभरात दिलेले पैसेही परत मागवता येतात. पण मुक्तीनंतर स्वखुशीनं कुणालाही फेडायला तिथला कायदा स्पष्ट मुभा देतो. मी त्याला म्हटलं, "लिही, मग फेड." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

माझे मित्र एका गोष्टीत बरोबर आहेत, आणि ती मी मोठ्यानं कबूल करतो. या कायद्याखाली यादी देणं महाग पडतं. मुक्ती मिळेपर्यंत माणूस ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकत नाही, आमदारकी-खासदारकी तर दूरच. राजपत्रात नाव छापलं जातं. फायली वर्षानुवर्षं पडून राहतात. व्यक्तींसाठीचा नवा कायदा संसदेनं 2016 मध्ये केला आणि सामान्य माणसाच्या वाट्याचा भाग फडताळात ठेवून दिला. पण ही तक्रार सरकारकडे करायची आहे. ती मेहुण्याच्या साठ हजारांतून वसूल करायची नाही.

गेल्या आठवड्यात एका पॉवरलूमवाल्याचा अर्ज तयार करत होतो. मेहुण्याचं नाव तो कुरकुरत का होईना, बोलला. पतसंस्थेचा जामीनदार मित्रही आला. मग मी सोन्याचं विचारलं. बराच वेळ तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. बारा तोळे, म्हणाला, 2018 साली. तारीख त्याला पाठ होती. मी टायपिस्टला नवी ओळ घालायला सांगितली, नाव, रक्कम, आणि मग पत्त्याच्या रकान्यापाशी टायपिस्ट थांबला.

"पत्ता काय लिहायचा, साहेब?"

"वरीलप्रमाणे," मी म्हटलं.